मस्कतहून वाजवलेल्या रिंगा

७ फेब्रुवारी १९९८, शनिवार. रामनगरच्या बस स्टँडासमोर यल्लाप्पाचा एसटीडी बूथ आहे. तिथे मी तीनशे रुपये अनामत ठेवले. हजर चौघे: मी, माझी आई, बूथवाला यल्लाप्पा आणि कारवार गाडीचा ड्रायव्हर नागेश. दुसऱ्या दिवशी मी मस्कतला निघणार होतो. माझा धाकटा भाऊ विठू तिथे बांधकामावर गवंडी होता. परांचीवरून पडून त्याचं कंबरडं मोडलं होतं आणि आता किडन्या काम करत नव्हत्या. कंपनीने जवळच्या एका माणसाला तिकीट दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी विठूच्याच हट्टाने काढलेला माझा पासपोर्ट तेव्हा उपयोगी पडला.

आमच्याकडचं कोणी पुढे आखातात गेलं तर त्याला फोनाचा खर्च कसा लागतो ते कळावं, हा हे लिहिण्याचा एक हेतू. दुसरा वाचताना कळेल.

यल्लाप्पाच्या भिंतीवर दराचा तक्ता होता. आखातात बोलायचं तर मिनिटाला साठ रुपये. तिकडून इकडे केला तर सत्तर पडतात, असं विठूने मागे पत्रात लिहिलं होतं. माझं रामनगरात किराणा दुकान आहे, पण दुकानात फोन नव्हता. महिन्याचं भाडं भरायचं आणि महिन्याला दोन फोन करायचे, हे मला परवडणारं वाटलं नव्हतं. आई तर अजून अणशीच्या अलीकडे, फाट्यावरून आत चढावर आमच्या जुन्या घरी राहते. तिला फोनवर बोलवायचं म्हणजे निरोप धाडायचा, तिने सकाळच्या पहिल्या गाडीने रामनगर गाठायचं, आणि मग बोलायचं.

म्हणून मी एक पद्धत बसवली. रोज आपल्या दीड वाजता मी मस्कतहून बूथवर फोन लावायचा. यल्लाप्पाने उचलायचा नाही, फक्त घंटी मोजायची. एक रिंग म्हणजे मी पोचलो. दोन म्हणजे विठू बरा आहे, काळजी नको. तीन म्हणजे आईने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला बूथवर यावं, विठू बोलणार आहे. अडीच वाजता नागेशची गाडी कारवारला सुटते. यल्लाप्पाने त्याला आकडा सांगायचा आणि नागेशने फाट्यावर तितके हॉर्न मारायचे. आईच्या अंगणात हॉर्न स्वच्छ ऐकू येतो.

फोन उचललाच नाही तर पैसे पडत नाहीत. मस्कतपासून जंगलातल्या अंगणापर्यंत रोज निरोप, खर्च शून्य. मागे एकदा बेळगावहून बूथवर फोन लावून मी पाहिलं होतं. माझ्या कानात तीन, यल्लाप्पाकडे तीन.

"सावकार, तुमी असलाव की सरकारचं दिवाळं निघंल," यल्लाप्पा म्हणाला.

"दिवाळं निघू दे, आकडा चुकवू नको," मी म्हणालो.

नागेश हसून आईला म्हणाला, "म्हातारे, तीन हॉर्न वाजले की सकाळी लुगडं बदलून फाट्यावर यायचं बग. लेक बोलवतोय म्हणायचं."

"दोनच वाजू देत बाबा," आई म्हणाली. "मला फोनात बोलाय येत न्हाई. बरा हाय एवढं कळलं की झालं."

अनामत तीनशे ठेवले ते अडीअडचणीला इकडून फोन लावावा लागला तर म्हणून. पावती घेतली.

*मस्कत, सोमवार ते बुधवार*

विमानाचं काही लिहीत नाही. पोचल्यावर पहिलं नजरेत भरलं ते डोंगर. आमच्या जोयड्याच्या डोंगरावर पाऊल टाकायला जागा नसते इतकं रान. इथले डोंगर सोलून ठेवल्यासारखे. झाड नाही, ओहोळ नाही, माती नाही. त्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं आणि आरशासारखे गुळगुळीत रस्ते. पाणी बाटलीत विकत. काळी नदीच्या काठच्या माणसाने पाण्याला पैसे मोजायचे, हे मला पहिल्या दिवशी जमलं नाही. नळाचं प्यालो आणि त्याची शिक्षा दोन दिवस भोगली.

विठूच्या खोलीत आठ जण राहत. त्याची खाट रिकामी होती, ती मला मिळाली. उशाशी पत्र्याची पेटी, भिंतीवर आईचा फोटो आणि पेन्सिलीने काढलेला घराचा नकाशा. आमचं अणशीकडचं घर त्याला चिऱ्याचं करायचं होतं. ते झाल्यावर लग्न, असं चौतीस वर्षांचा होईपर्यंत तो म्हणत आला होता. खालच्या खानावळीत मैद्याची मोठी पातळ भाकरी मिळे, तिला खुबूस म्हणतात. सोबत डाळ आणि टिनमधल्या दुधाचा दाट चहा. पोट भरतं, पण भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटेना.

तिथलं घड्याळ आपल्याहून दीड तास मागे आहे. आपले दीड म्हणजे तिथले बारा. इस्पितळाच्या दारात कार्डाचा फोन होता. तीन रियालचं कार्ड घेतलं. रियाल म्हणजे आपले शंभर रुपये, आणि एका रियालचे हजार बैसा. बोललं तर मिनिटाला सातशे बैसा, म्हणजे विठूने लिहिलेले सत्तर रुपये बरोबर होते. सोमवारी बाराला नंबर फिरवला, कानात एक रिंग झाली, ठेवून दिला. कार्डावरचा आकडा एकाने सुद्धा उतरला नाही. मंगळवारी दोन. बुधवारी दोन. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. भाऊ वर पडलेला आणि मी खाली कार्डाचा आकडा बघून समाधान पावत होतो.

विठू सुजला होता. चेहरा त्याचाच, पण दुसऱ्या कुणी तरी घातल्यासारखा.

"अण्णा, दुकान कोण बघतंय?"

"वहिनी बघते."

"मग उधारी वाढली म्हणायची," असं म्हणून तो हसला आणि हसताना कळ येऊन थांबला.

बुधवारी मी त्याला रिंगांची पद्धत सांगितली. त्याला गंमत वाटली. डोळे मिटून म्हणाला, "म्हंजे आत्ता फाट्यावर नागेशनं दोन मारलं असतील. आई पाट्यावरनं उठून ऐकत असंल."

*गुरुवार*

गुरुवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तिथली नर्स केरळची होती, तिने हिंदीत समजावलं. दोन-तीन दिवस, फार तर चार.

त्याच सकाळी डिसोझा आले. कंपनीच्या दुबई कचेरीतले सुपरवायझर, मूळचे कारवारचे. अपघाताच्या कागदांसाठी चार दिवस मस्कतला आले होते. त्यांच्याकडे मोबाईल होता. मी तो हातात घेतलेला पहिलाच. विठूला खाटेवरून हलवता येत नव्हतं, दाराशी असलेल्या फोनपर्यंत तो जाणं शक्य नव्हतं. त्याने त्या मोबाईलकडे बराच वेळ पाहिलं.

"अण्णा, ह्याच्यावरनं आईशी बोलता यील का रं?"

डिसोझांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. विठूलाच म्हणाले, "फाल्यां धा वरांचेर हांव येतां." उद्या दहाला मी येतो. कोंकणी आमच्याकडे सगळ्यांनाच कळते.

दहा म्हणजे आपले साडेअकरा. वेळ आधीच ठरलेली, जुळून आली.

बाराला मी खाली गेलो. हातात कार्ड होतं, त्यात पूर्ण तीन रियाल होते. यल्लाप्पाने उचलला असता तर एका मिनिटात सगळं सांगून झालं असतं. सत्तर रुपये. मी नंबर फिरवला, कानात एक, दोन, तीन रिंगा मोजल्या आणि ठेवून दिला. सत्तर वाचले.

वर येऊन विठूला सांगितलं, "तीन दिल्या. आई उद्या येते."

त्याने संध्याकाळी खोलीतल्या सोबत्याकडून दाढी करून घेतली. फोनवर दाढी दिसत नाही, असं तो सोबती म्हणाला. विठू म्हणाला, "तिला कळतंय."

*शुक्रवार*

तिथे शुक्रवारी सुट्टी. डिसोझा इस्तरीचा शर्ट घालून बरोबर दहाला आले. नंबर त्यांनीच लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. मी नाव सांगितलं.

"हां सावकार, यल्लाप्पा बोलतोय."

"आईला दे."

"आई? आई कुटं? न्हाई आलीया."

"अरे, काल तीन दिल्या होत्या."

"न्हाई बगा. दोनच झाल्या. दोन झाल्या, थांबली. मी नागेशला दोन सांगितलं, त्येनं दोन मारलं. तुमीच बरं हाय म्हटलासा."

विठूने हात पुढे केलेला होता. त्याला वाटलं आई आली. मी काही बोलायच्या आत त्याने फोन घेतला.

"आई," म्हणाला. मग ऐकलं. मग चेहरा न हलवता म्हणाला, "यल्लाप्पा का. बरं हाईस न्हवं? आईला सांग, मी बोललो म्हणून. आणि परड्यातला कापा फणस औंदा विकू नको म्हणावं. मी येतोय."

फोन माझ्याकडे आला. मी यल्लाप्पाला ओरडून सांगितलं, आज काहीही करून निरोप पोचव, उद्या याच वेळी आईला बसवून ठेव. डिसोझा म्हणाले, माझा नंबरही देऊन ठेवा. नंबर दुबईचा. यल्लाप्पाने लिहून घेतला. दोन मिनिटं झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, बरं झालं, उद्या तिकडूनच फोन आला तर तुम्हाला भुर्दंड नको. तेव्हा डिसोझांनी सांगितलं ते मला नवीन होतं. त्यांचा फोन दुबईचा. तो परक्या देशात असताना त्यांनी केला तर महाग पडतोच, पण कुणी त्यांना केला तरी त्यांनाच पैसे पडतात. करणारा आपले भरतो, आणि ऐकणारा आपले. रामनगरचा फोन आधी दुबईला जातो, तिथून वळून मस्कतला येतो, आणि दुसऱ्या टप्प्याचं भाडं ऐकणाऱ्याच्या माथी.

मला लाज वाटली. मी लगेच खाली जाऊन कार्डावरून यल्लाप्पाला सांगितलं, त्या नंबरावर लावू नको, उद्या मीच लावतो. एक मिनिट, सत्तर रुपये. आदल्या दिवशी वाचवलेले तेच.

संध्याकाळी विठूने अर्धं खुबूस डाळीत कुस्करून खाल्लं. डिसोझा तेव्हा शेजारी बसले होते. त्यानंतर तो बोलला नाही.

*शनिवार*

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विठू गेला.

त्यानंतर कागद. इस्पितळाचा दाखला, पोलिसांचा, कंपनीचा, दूतावासाचा. प्रत्येकाची खिडकी वेगळी. डिसोझांनी आपलं परतीचं तिकीट बदललं आणि निम्मे कागद आपल्याकडे घेतले. दहा वाजले तेव्हा मी एका शिक्क्यासाठी रांगेत उभा होतो. आईला फोन करायचा विसरलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवत होतं. कार्ड वरच्या खिशात होतं, फोन समोरच होता. काय सांगायचं ते मला येत नव्हतं. साडेदहा झाले, अकरा झाले.

पावणेबाराच्या सुमारास डिसोझा दुसऱ्या कचेरीतून माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या आईशी बोललो."

रांग सरकली तसा मी पुढे सरकलो.

*रामनगर आणि फाटा*

विठूला मुंबईमार्गे गोव्याला आणलं, तिथून अनमोडचा घाट चढून रामनगर, आणि रामनगरहून नागेशच्या रस्त्याने फाट्यावर. गाडी थांबली तेव्हा हॉर्न मारायची गरज नव्हती. आई फाट्यावरच बसली होती.

तेराव्यानंतर मी यल्लाप्पाकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्याने वही पुढे केली. माझ्यासारखीच त्यानेही लिहून ठेवली होती: सोमवार, शून्य. मंगळवार दोन. बुधवार दोन. गुरुवार दोन.

"सोमवारी शून्य कसा? मी एक दिली होती."

"एक बी वाजली न्हाई. मी दीडपासनं दोनपतोर फोनासमोर बसून हुतो. मग म्हटलं, म्हातारी वाट बघत बसंल. नागेशला म्हटलं, एक मार जा. तुमी पोचला असणारच की."

मी टेलिफोन खात्याच्या लाईनमनला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या कानात जी वाजतिया ती त्या टेलिफोनची घंटी न्हवं, सावकार. ती एक्सचेंज वाजवतंय, लावणाऱ्याला कळावं म्हणून. इकडची घंटी निराळी. कधी जुळतिया, कधी एक मागं-पुढं."

तरी मी स्वतः पाहिलं. टपाल कचेरीतून बूथवर दहा वेळा फोन लावला आणि दर वेळी तीन मोजून ठेवला. यल्लाप्पाकडे सहा वेळा तीन, चार वेळा दोन. बेळगावहून मी एकदाच पाहिलं होतं. ते जुळलेल्यांपैकी निघालं होतं.

मग यल्लाप्पाने शनिवारचं सांगितलं. आई पहिल्या गाडीने आली. साडेअकराला बसली. त्याने चहा दिला, तिने घेतला नाही. साडेबारा झाले, एक वाजला. आई म्हणाली, तो नंबर लाव. यल्लाप्पा म्हणाला, सावकारांनी नको म्हटलंय. आई म्हणाली, "सावकार माझ्या पोटचा हाय. लाव तू."

"किती बोलली?"

"सात मिनिटं. पर बोलली कुटं? तिकडनं सायब काय तरी म्हणाला. आईनं इचारलं, जेवला व्हता का. मग चार मिनिटं कुणीच काय बोललं न्हाई. मीटर पळत हुता. तोडा म्हणाय माझी जीब उचलंना."

सात मिनिटांचे चारशे वीस. अनामत तीनशे वजा जाता एकशे वीस. ते मी तिथेच यल्लाप्पाला दिले.

*कारवार*

डिसोझांना मी दुबईच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, बिलाची नक्कल पाठवा म्हणून. दोनदा लिहिल्यावर ती आली. परक्या देशातल्या फोनाचं बिल महिन्याभराने येतं, तोपर्यंत आकडा कळत नाही. शुक्रवारी केलेला, दोन मिनिटं, बारा दिरहम. शनिवारी आलेला, सात मिनिटं, एकवीस दिरहम. त्या चार मुक्या मिनिटांचे पैसे आईच्या बाजूने रामनगरला भरले गेले होते, आणि डिसोझांच्या बाजूने दुबईला.

डिसेंबरात नाताळाला ते कारवारला आले. मी जायचं ठरवलं तर आई म्हणाली, मी बी येतो. आदल्या दिवशी ती रामनगरला आली आणि आम्ही दोघं नागेशच्या गाडीने गेलो. अणशीच्या रानातून उतरताना आई खिडकीशी बसून होती. त्याआधी फाटा ओलांडताना नागेशने हॉर्न मारला नव्हता. मार्च महिन्यापासून तो तिथे मारत नाही, असं कंडक्टर म्हणाला.

डिसोझांच्या घरी तांदूळ आणि वाळवलेल्या फणसाचे गरे दिले. मी बिलाची नक्कल काढली. दिरहमाला साडेअकरा रुपये धरून बाराचे एकशे अडतीस, एकवीसचे दोनशे एक्केचाळीस रुपये पन्नास पैसे. डिसोझा पैसे घेईनात. तेव्हा आईने कमरेची पिशवी सोडली. तिने मोजून आणले होते. आकडा तिने यल्लाप्पाकडून काढून घेतला होता; नक्कल आली तेव्हा मी हिशेब त्याच्याच बूथवर मांडला होता.

"घे सायबा," ती म्हणाली. "त्या दिवशी मला कुणी सांगितलं न्हाई, तू सांगितलंस. ती सात मिनिटं माझी हाईत. दुसऱ्याच्या पैशानं ऐकलं असं नको ऱ्हायाला."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

डिसोझांनी ते दोन्ही हातांनी घेतले. मग मी माझे एकशे अडतीस पुढे केले. ते त्यांनी माझ्या खिशात परत घातले. म्हणाले, "त्या दोन मिनिटांत विठू बोलला. ती माझ्याकडे असू देत."

तेव्हा शेवटी चुकतं झालं ते असं: यल्लाप्पाला चारशे वीस, त्यात अनामत धरून. डिसोझांना दोनशे एक्केचाळीस रुपये पन्नास पैसे, रोख, आईच्या हातून. माझ्याकडून त्यांना काही नाही.